तोटा

मुद्दा क्रमांक सहा : बायपासचं रुंदीकरण.
दोन पदरांचे चार. चाळीस दशलक्ष डॉलर.
सूचक डीडरिक. मागं कुणीतरी खोकलं,
तेच अनुमोदन धरलं.
चार मिनिटं. मी घड्याळ बघूनच लिहिते.

मुद्दा सात : पॅसेंजर गाडीतला आमच्या काउंटीचा वाटा.
रात्री तीन बाराला एक गाडी पश्चिमेकडे जाते,
हॅरो बेंडला दीड मिनिट थांबते.
त्या दीड मिनिटावर सभा अडीच तास चालली.

हिशेबनीस प्रूइटबाईंनी भिंतीवर आकडे टाकले.
दर माणशी तोटा : एकशे अठरा डॉलर.
'माणशी' म्हणताना त्या चष्म्यावरून बघत होत्या,
जणू तो माणूस याच खोलीत लपलाय.

होताच तो.
शेवटच्या रांगेत, टोपी गुडघ्यावर ठेवून,
एवसेबिओ ताफोया, वय एक्याऐंशी.
त्यांचा आजा या रुळांखाली स्लीपर बसवत बसवत
दक्षिणेकडून इथवर आला,
काम संपलं त्या गावी राहिला.
नातवाचा डावा डोळा गेलाय, उजवा जायच्या बेतात.
लायसन्स गेल्या थंडीत काढून घेतलं,
आम्हीच, याच इमारतीत, खिडकी क्रमांक तीन.
डोळ्यांचा डॉक्टर आल्बुकर्कीला.

ते उठले. माईक कुणी दिला नाही, त्यांनी मागितला नाही.
"बाई, एक विचारू?
बायपासनं गेल्या वर्षी किती कमावलं?"

खोलीभर हसू फुटलं.
वाईट नव्हतं ते हसू. कॅन्ससमध्ये आम्ही
म्हाताऱ्यांना असंच हसतो, मग त्यांना दार उघडून धरतो.
डीडरिक म्हणाले, "रस्ता तो रस्ता, एवसेबिओ.
तो कमवत नसतो."
आणि खुर्चीत रेलून, "देवदयेनं आपल्याकडे
रस्त्यांना तोटा नाही."

मी लिहिलं : रस्त्यांना तोटा नाही.
प्रश्नाच्या जागी कंसात लिहिलं : हशा.

बावीस वर्षं हेच फॉर्म भरतेय.
रेल्वेच्या फॉर्मवर उजवीकडे एक रकाना आहे, तोटा.
रस्त्याच्या फॉर्मवर तो छापलेलाच नाही.
आज पहिल्यांदा दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले.
छपाईची चूक म्हणावी,
तर छपाई सुरेख आहे.

निर्णय : पुढच्या बैठकीत.

झोप येईना. तीनला स्टेशनवर गेले.
गाडी पन्नास मिनिटं उशिरा,
आधी धान्याची मालगाडी सोडायची होती,
एकशे दहा डबे, मोजायला वेळ भरपूर.
प्लॅटफॉर्मवर आम्ही तिघं : ताफोया,
तापलेलं मूल कडेवर घेतलेली एक आमिश बाई,
आणि मी, जिला कुठंच जायचं नव्हतं.

ताफोयांनी मला आवाजावरून ओळखलं.
"माझं लिहिलंत ना?"
"लिहिलं."

गाडी आली. कंडक्टरनं पिवळा स्टूल खाली ठेवला.
ताफोयांनी तो बुटानं चाचपला,
एकदा, मग पुन्हा एकदा,
जसं पाण्यात उतरण्याआधी चाचपतात,
आणि चढले.

परतताना बायपास.
चौपदरी व्हायच्या आधीच तो मला एकटीला रुंद होता.
मैलभर दिवे, एक्केचाळीस,
सगळे माझ्याचसाठी जळत होते.
धान्याच्या कोठारापाशी सिग्नल लाल झाला.
समोरून कुणी नाही, मागून कुणी नाही.
थांबले, इंजिन चालू ठेवून.
दर माणशी किती, म्हणून हिशेब मांडू गेले :
वर डांबर, दिवे, पट्ट्यांचा पांढरा रंग, बर्फ काढणारी यंत्रं,
खाली भागायला
फक्त एक.

सकाळी तो कंसातला शब्द खोडायचा
असं मनाशी ठरवेपर्यंत
सिग्नल हिरवा होऊन
पुन्हा लाल झाला होता.