फुटामागं एक सूत

वालजीभाईच्या मिलमध्ये शिसवाची फळी उचलली
तेव्हा आधी खांद्यानं नकार दिला.
ही गळ्यात अडकवून तीन तास उभं राहायचंय.
मग जांभूळ बघितलं, मग ऐन, मग फणस, पिवळाधमक,
त्याला अजून झाडाचाच वास.
प्रत्येक फळी एका टोकाला चिमटीत धरायची,
पेरानं वाजवायची, कान लावायचा.
वालजीभाई सुपारी कातरत बघत होता.
"फळी घ्यायलायस का कलिंगड?"
हमाल हसले. मीपण हसलो.

बेस गिटार म्हणजे काय, ते कसं सांगू त्याला.
चार जाड तारा,
वाजत असते तोवर कुणाच्या कानात जात नाही,
थांबली की सगळे मान वळवतात.
म्हटलं, इंजिनासारखं.
रात्री उसाला पाणी पाजताना नदीकडनं यायचा ना, तो आवाज.
"मग इंजिनच घे की मर्दा. भंगारात स्वस्त मिळंल."

इंजिनावरनं आठवलं.
घरी माळ्यावर इंजिनाच्या बेडचा पॅटर्न आहे,
आण्णांनी केलेला, सागाचा, चार तुकडे सरसानं जोडून.
उद्यमनगरात एका फाउंड्रीत तेवीस वर्षं
तो वाळूत दाबला गेला, हलकेच हलवून काढला गेला,
आणि मागं राहिलेल्या पोकळीत
लोखंड ओतत राहिले लोक.
दूधगंगेच्या काठानं जी इंजिनं धडधडली
त्यांतली काही ह्याच्या पोटची.

झालं, म्हटलं, हेच लाकूड.
लगेच इलाहीला फोन केला, तो आमच्यात ड्रम वाजवतो.
"भावा, लोकांना सांगायला गोष्ट झाली," म्हणाला.
मलाही गोष्टच आवडली होती, खरं तर.

आण्णांनी पॅटर्न मांडीवर घेतला.
नखानं रंगाचा पोपडा काढला,
काळ्याखाली लाल, लालखाली लांबी,
कोपऱ्यात मेण, मेणाखाली चुका.
"ह्यात लाकूड किती उरलंय बघ. ठोक."
ठोकलं.
ओल्या पिठाच्या पोत्यावर थाप मारावी तसं, ठप्प.
"वाळूच खाल्ली ह्यानं जन्मभर. ह्याला काय वाजायला लावतोस?"
आणि जरा थांबून,
"शिवण बघितलीस का?"

शिवण वालजीभाईकडं मागच्या अंगाला, ताडपत्रीखाली होती,
आजऱ्याकडची, तीन उन्हाळे वाळलेली,
सायीच्या रंगाची.
चिमटीत धरली. वाजवली.
आवाज आत गेला, आणि चहा होईपर्यंत
बसलेल्या पाहुण्यासारखा
उठेचना.
वालजीभाईचं कातरणं थांबलं.
दर मात्र एक रुपयानं उतरवला नाही.

रात्री फळीवर आकृती काढली,
वरचं शिंग, खालचं शिंग, कमरेची खाच.
पट्टी आण्णांच्या ड्रॉवरमधली, स्टीलची, कडेला झिजलेली.
सकाळी ब्रिज ठेवून बघितला तर मेळ बसेना.
दोनदा मोजलं. तिसऱ्यांदा आण्णांना हाक मारली.
ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग खोकल्यासारखे हसले.
"पॅटर्नची पट्टी हाय ती.
लोखंड गार होताना आकसतंय,
म्हणून फुटामागं एक सूत जास्त, पट्टीतच.
तुझ्या वीस इंचाला पावणेदोन सूत वाढलं बघ."
खोडरबर पुढं केला.
"लाकूड काय गार व्हायचं नाय. खोड, परत काढ."

ब्रिजची खूण तेवढी खोडली, साध्या पट्टीनं परत काढली.
सुरांचं माप सुरांचं.
बाहेरची रेघ ठेवली तशीच.
कुणाला कळणार आहे पावणेदोन सूत?
कार्यक्रम संपल्यावर, वायरी गुंडाळताना,
दिवे गेलेले असताना,
काहीतरी गार होतंच की.

आण्णांनी रेघेकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.
मग फळीचं दुसरं टोक धरलं, आणि म्हणाले,
"बँडसॉ लाव. रेघेच्या बाहेरनं घे."