रात्रपाळी

सव्वाबाराला पान सुटतं.
त्याआधी दोन बातम्या आल्या, एकाच फोनवर.

धरमपेठेतल्या मुलानं गाडी
फुटपाथवर चढवली. झोपलेला माणूस गेला.
मी लिहिलं : ताबा सुटला.
गाडीचा.
नाव नाही. 'प्रतिष्ठित कुटुंबातील विद्यार्थी.'

इंदोऱ्याच्या धम्मदीप नगरारेकडे
चोरीचा मोबाईल सापडला म्हणे.
मी लिहिलं : सराईत.
वय एकोणीस.
सराव कधी केला असेल त्यानं?
नाव, बापाचं नाव, गल्ली, सगळं छापलं.
तोंडावर काळं फडकं, दोन्हीकडे शिपाई.

पहिल्याला दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी जामीन.
धम्मदीपलाही झाला जामीन, कागदावर.
जामीनदाराला ऐपतीचा दाखला लागतो.
गल्लीत दाखले होते पुष्कळ,
जातीचे, शाळेचे, मृत्यूचे.
वर्धा रोडचा तुरुंग, अकरा महिने.

मधेच एकदा त्याची आई आली, निरंजनाबाई,
दुधाच्या धुतलेल्या पिशवीत फोटो घेऊन.
"साहेब, छापाचाच असन तं हा छापजा.
याच्यात तो हासून रायला."
मी पाणी दिलं.
फोटो ड्रॉवरमध्ये ठेवला.

सुटला, तेव्हा चार ओळी केल्या मी.
'निर्दोष' दोनदा तपासला,
वेलांटी, रफार, पोटफोड्या ष.
बाराला क्लासेसची जाहिरात आली, पाव पान,
पोरांचे हसरे चेहरे, खाली टक्के.
चार ओळी उतरवल्या.

फोटो न्यायला ती आली नाही.
मीही पाठवला नाही.
पत्ता नव्हता असं नाही,
आम्हीच छापला होता.