अविकारी विशेषण

सिव्हिल लाइन्स, तिसरा मजला, पंखा दोनवर.
वत्सला निनावे पिंजऱ्यात उभी,
पदराला गंजलेली पिन.
वकील विचारतो, आरोपी नेमका कसा वागला?
‘बेशरमावानी, साहेब.’
‘म्हणजे कसा? अर्थ सांगा कोर्टाला.’

ती खिडकीकडे बघते. खिडकीत फक्त कूलर,
तोही पाठमोरा.
‘थे नाल्यापाशी उगवते नं, बेशरम.
जांभळं फूल येते. बकरी बी तोंड लावत नाई.
तोडून फेकलं तं पडलं तिथंच फुटते.
आमच्या शेडले त्याचंच कुंपण हाय.
मालक त्याच्याच आडून येत जाये.’

मागे कोणीतरी हसलं.
साहेब म्हणाले, असंबद्ध आहे, वगळा.
मी बॅकस्पेस दाबून धरली.
कुंपण गेलं, बकरी गेली, फूल गेलं,
उरलं: ‘आरोपीचे वर्तन अनुचित होते.’

शाळेत गुरुजींनी फळ्यावर लिहिलं होतं:
विशेषण, अविकारी.
बेशरम मुलगा, बेशरम मुलगी, बेशरम मूल.
लिंग बदललं तरी रूप बदलत नाही.
खरं आहे. फळ्यावर.
आमच्या घरी, गोळीबार चौकात,
तो शब्द एकट्या वेणूताईचा होता.
बर्डीवरून कोणाच्या तरी सायकलच्या दांडीवर बसून आली तेव्हा,
मोकळ्या केसांनी दारात उभी राहिली तेव्हा,
मोठ्यानं हसली की,
आणि एकदा तर रडणं थांबेना म्हणून.

त्याच वर्षी मी काकाच्या पानठेल्याचा गल्ला फोडला.
चाळीस रुपये. सापडलो.
आई म्हणाली, पोरगं हाय, चुकलं,
आणि तर्रीची वाटी माझ्याकडे सरकवली.

साक्ष वाचून दाखवली. वत्सलाबाई सही करत होत्या,
नावातलं जोडाक्षर जमेना, दोनदा गिरवलं.
पेन परत देताना हळूच म्हणाल्या,
‘झाडाचं लिवलं नं, बाबू?’

मी म्हटलं, हो.

येताना नाग नदीच्या पुलाशी स्कूटर थांबवली.
मागच्या आठवड्यात जेसीबीनं काठ खरवडून नेला होता.
गाळाच्या ढिगात आडव्या पडलेल्या काड्यांना
बोट बोट कोंब.
एक मोडून पाहिला. दूध आलं, चिकट.
पँटला पुसलं.

घरी बायकोनं विचारलं, हा कसला डाग?
म्हटलं, कसला नाही.
झाडाचा.