कच्ची शिवण

होनराव सर म्हणाले, उद्या तुझी पहिली एकटीची उडी.
अल्टिमीटर डाव्या मनगटाला बांध.
उजवा हात मोकळा हवा,
त्यानंच कमरेमागची छोटी छत्री वाऱ्यात फेकायचीय.
आणि बाही आत खोच.

घरी मी काही बोलले नव्हते.
तरी पहाटे होटगी रस्त्याच्या धावपट्टीवर
कुंपणाच्या तारेला टेकवलेली नानांची सायकल.
रात्रपाळीहून सरळ आलेले,
भुवयांवर टॉवेलची पांढरी लव.

विमानाकडे त्यांनी बघितलंच नाही.
ताडपत्रीवर माझी छत्री पसरलेली,
दोऱ्या विंचरून ठेवलेल्या,
तिथं उकिडवे बसले.
"किती तार?"
वीस-बावीस असतील, नाना.
"एवढ्याशा ताण्यावर अख्खं माणूस?"

मग म्हणाले, हात दे.
खिशातून कांडी काढली, सूत सोडलं,
आणि माझ्या खांद्यावरून, कोपरावरून
सावकाश ओढत नेलं,
ताप बघावा तसं.

मनगटाशी सूत थांबलं.
एकदा बकलाच्या जिभेपाशी,
एकदा पट्ट्याचं उरलेलं शेपूट वर आलं होतं तिथं,
एकदा डबीखाली, जिथं स्क्रूचा कोपरा
मला बोटानंही कधी लागला नव्हता.
"सूत अडतंय तिथं दोरी अडणार.
आणि दोरी अडली की ती हात मागते."

त्यांच्या मनगटावरचा तो वळ
मी लहानपणापासून भाजल्याचा समजत होते.

दाजी पेठेतला कारखाना, लग्नात मिळालेलं घड्याळ,
मागाच्या पट्ट्यात आधी घड्याळ गेलं,
घड्याळामागे हात जायला निघाला.
"चामडं कन्ना चौकात दोन रुपयांत शिवून घेतलेलं.
शिवण कच्ची. उसवली.
आदल्याच दिवशी त्या शिवणाऱ्याला
मी नाही नाही ते बोललो होतो."

आमची चादर दोन पिढ्या विरत नाही
हे गिऱ्हाइकाला सांगण्यात ज्याचा जन्म गेला
तो माणूस होनराव सरांना विचारत होता,
"साहेब, हा पट्टा तुटतो का?"
सर हसले. तुटू नये म्हणूनच महागातला घेतलाय.
मग हसायचे थांबले.

बकल निघालं. शेपूट कापलं. कोपऱ्यावर चिकटपट्टी.
नानांनी इलॅस्टिक जोडलं एकपदरी सुतानं,
चार टाके. पाचवा घालू दिला नाही मला.
सरांनी झटकून बघितलं, राहिलं.
ओढून बघितलं, सुटलं.
पुन्हा चार टाके.

वरून सोलापूर उन्हात वाळत घातलेलं,
हिप्परग्याचं पाणी एका टोकाला,
मधे सिद्धेश्वराचं तळं, रुमालाएवढं.
काटा उतरत होता. मी फेकली.
खांदा एका बाजूला कलला असणार,
कारण दोऱ्या पीळ घेत उघडल्या
आणि डाव्या मनगटाला
काहीतरी धरलं.

धरलं, म्हणजे किती वेळ?
मागावरच्या माणसाला विचारा.

सोडलं.
मी पाय झाडत पीळ उलगडला.
वर निळी-पिवळी छत्री चौकोनी, भरलेली.
हात उघडा. किती उंचीवर आहे
ते आता बाभळींच्या आकारावरून ओळखायचं.

खाली नानांनी आभाळाबद्दल काही विचारलं नाही.
"अडलं?"
अडलं.
त्यांनी माझं मनगट उलटंपालटं करून बघितलं,
मापात विणलंय का बघतात तसं.

होनराव सर मात्र भडकले.
खाली कुणाच्या डोक्यात पडलं असतं तर?
खरंच होतं ते. आणि वर अठरा हजार.
नाना मनात टॉवेल मोजत असावेत, ओठ हलत होते.

कुंभारीच्या अंगाला ज्वारी कमरेपर्यंत आलेली.
दुपारपर्यंत आम्ही तिघं ओळींमधून फिरलो.
मिळालं नाही.
कुणाला मिळालंच तर
काटा शून्यावर दिसेल.
म्हणजे ते बिघडलेलं नाही.