ठरलेली कथा

जत्रेत, रात्री दोन वाजता,
बाकड्यावर राजा होऊन बसला गुंडू घाडी.
दिवसा चिरेखाणीवर असतो;
रंग लावला तरी कानात लाल धूळ.

दशावतारात लिहिलेलं काही नसतं.
कथा ठरलेली, बोलणं ज्याचं त्याचं.
मध्येच राजभाषा सोडून
त्याने प्रधानाला विचारलं,
'खाणीवरल्यो बायलो पाण्याक खंय जातत?'

मृदंग थांबला.
पहिल्या खुर्चीत खाणमालकांची सुपारी
गालातच राहिली.
मागून, खाज्याच्या दुकानाकडून,
कुणी बाई बोलली,
'व्हाळार, म्हाराजा. कोसभर.'

राक्षस मग ठरल्याप्रमाणे मेला.

सोमवारी खाणीवर निळं पिंप.
कुणी ठेवलं, कुणी विचारलं नाही.
शेवंतीने झाकण काढून आत पाहिलं:
अर्धंच.

गुंडू चिरा उचलत म्हणाला,
'शुक्रवारी आणखी एक जत्रा आसा.'