चार हजार ओळींचं अंतर

बोर्डाची फाइल साध्या अक्षरांत असते.
कुणीही उघडून वाचावी:
कंसात कंस, कंसांत आकडे,
तांबं कुठून कुठे जातं, किती रुंद, कोणत्या थरातून.
अक्षरं आहेत
म्हणून आम्हाला वाटलं, पत्रासारखी जोडता येतील.

हॉग्नीने शुक्रवारी, क्लाक्सविकच्या धक्क्यावर बसून
बॅटरीची वाट जराशी खाली सरकवली.
मी घरी, ताप उतरलेलं पोर मांडीवर घेऊन
ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरला नवी वाट काढून दिली.
दोघांच्या दोन शाखा, सोमवारी एक केल्या.
यंत्र म्हणालं, कुठेही संघर्ष नाही.

खरंच नव्हता.
माझी ओळ सहाशे बारावी,
त्याची साडेचार हजारांच्याही पुढे.
फाइलमध्ये एवढं अंतर,
आणि बोर्डावर
एकमेकींच्या अंगावरून गेलेल्या दोन रेषा.

वीस बोर्डं आली. हिरवी, देखणी.
पहिलं सॅमनच्या पिंजऱ्यावरच्या बोयात बसवलं,
झाकणाचे स्क्रू आवळायच्या आत
जळका वास.
हॉग्नी म्हणाला, आपलं तर पटलं होतं ना?
अक्षरशः पटलं होतं, मी म्हणाले.
तो हसला नाही.

खालच्या शेडमध्ये सुन्वर जाळी सांधते.
तिला काय समजलं कुणास ठाऊक,
म्हणाली, एका भोकावर आम्ही दोन सुया लावत नाही,
आणि खुंटीवरचा एक हातमोजा काढून दिला,
डाव्या हाताचा, मीठ खाऊन कडक झालेला.
आता ज्याच्याकडे हातमोजा, बोर्ड त्याचा.
बाकीच्यांनी वाट पाहायची.
शाखा एक केल्यावर आम्ही ओळींवर विसंबत नाही,
चित्र उघडतो, नियमांची तपासणी लावतो,
मग पडद्यावर बोट ठेवून
प्रत्येक वाट शेवटपर्यंत चालत जातो.

आज हातमोजा माझ्याकडे आहे.
रात्री फाइल उघडली, नुसती पाहिली,
काहीही न हलवता बंद केली.
तरी तीनशे चाळीस ओळी बदलल्या म्हणे:
तारीख, क्रम, शून्यापुढची शून्यं.
मी त्या सगळ्या पुसून टाकल्या.
जे केलंच नाही
त्याखाली माझं नाव कशाला?

फोन वाजतो. हॉग्नी.
मागे वारा, इंजिनाची घरघर.
'मोजा कुठाय?'
पोराच्या हातात आहे, सांगते,
कोपरापर्यंत चढवून झोपलाय.
'मग सकाळी,' तो म्हणतो.
सकाळी.