कडेचं रबर

राबोडीत मुकादमभाईंनी जुना टायर मांडीवर घेतला,
नाडी बघावी तसा बोटांनी चाचपला.
“मागचा मधोमध झिजलाय.
उतारावर ब्रेक दाबूनच येता ना, बाई?”

हो म्हटलं. येऊरला, पाटोणापाड्याच्या अलीकडे
सुटा मुरूम चाकाखालून पळतो
आणि सागांच्या सावलीत ऑक्टोबरातही निसरडं.

“आता पुढचा बघा.”
कडेच्या दात्यांवर कारखान्यातले रबरी केस
अजून उभे. दोन वर्षं झाली.
“वळणावर तुम्ही झुकतच नाही.”

मी सगळ्यात जाड नक्षीचा मागायला गेले होते,
चिखल, दगड, माझी भीती,
सगळं धरून ठेवणारा.
“तो डांबरावर रडवेल. उपवनचा चढ संपेस्तोवर
मांड्या भरून येतील.
पुढे दातेरी घ्या. मागे घासलेलाच बरा, पळतो.
हवा पंचवीसवर ठेवा.
बाकीचं टायरच्या हातात नाही.”

रविवारी पहिल्या वळणाला मी जुनीच.
दुसऱ्याला समोर वासरू आलं म्हणून असेल,
की ब्रेकवरची बोटं दवानं गारठली म्हणून,
सायकल कलली,
आणि मुरमानं धरलं.

घरी पार्किंगमध्ये उकिडवी बसून
नव्या टायरवर बोट फिरवलं.
डावीकडचे केस गेलेत, तीन-चार.
उजवीकडचे
सगळे जागच्या जागी.